शोध सरकारी पैशाचा. पेटंट कोणाचे आणि कोणत्या अटींवर?

औषधनिर्माणशास्त्राच्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा प्रश्न असा आहे: "आमच्या प्रयोगशाळेतले काम केंद्र सरकारच्या अनुदानातून झाले. आता संस्था म्हणते, पेटंट फाइल करू आणि एका कंपनीला देऊन टाकू. लोकांच्या पैशातून झालेल्या कामाचा हक्क असा एका कंपनीच्या हाती जाणे बरोबर आहे का? अमेरिकेत यासाठी वेगळा कायदा आहे म्हणतात. त्यावर एवढी टीका का होते, आणि तसा कायदा आपल्याकडे हवा का?"

मॅडम, मी पेटंट एजंट म्हणून विद्यापीठांसाठी, सरकारी प्रयोगशाळांसाठी आणि औषध कंपन्यांसाठीही काम केले आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर माझे जे मत झाले, ते आधीच सांगून टाकतो. सरकारी पैशातल्या शोधाचे पेटंट घेण्यात काही गैर नाही. घात होतो तो परवाना देताना. हक्क कोणाचा यावर समित्या बसतात, वकील लागतात, महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो. त्या हक्काच्या बदल्यात लोकांना काय मिळणार, हे मात्र कोणी लिहून घेत नाही. अमेरिकेच्या कायद्यावरची टीका शेवटी या एका गोष्टीवर येऊन थांबते, आणि माझ्या मते ती टीका योग्य आहे.

तो कायदा म्हणजे बेह-डोल कायदा, १२ डिसेंबर १९८० चा. इंडियानाचे डेमोक्रॅट सिनेटर बर्च बेह आणि कॅन्ससचे रिपब्लिकन सिनेटर बॉब डोल यांनी तो आणला, सही राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची. त्याआधी संघीय सरकारच्या पैशातून लागलेल्या शोधाचा हक्क बहुधा सरकारकडे जाई आणि प्रत्येक खात्याचे नियम निराळे असत. या कायद्याने विद्यापीठे, ना-नफा संस्था आणि लहान उद्योग यांना हक्क स्वतःकडे ठेवण्याची मुभा मिळाली. १९८३ मध्ये रेगन यांच्या आदेशाने हीच सवलत मोठ्या कंपन्यांपर्यंत गेली.

कायद्याच्या बाजूने आजही एक आकडा सांगितला जातो: सरकारकडे २८,००० पेटंटे पडून होती आणि त्यांतल्या ५ टक्क्यांहून कमी पेटंटांचे परवाने दिले गेले होते. आकडा खोटा नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. ती पेटंटे मोठ्या प्रमाणावर संरक्षण खात्याच्या कंत्राटांतून आलेली होती. तिथे कंत्राटदाराला हक्क घेण्याची मुभा आधीपासून होती. त्याला नको होती तीच सरकारकडे राहिली. ज्यात कंत्राटदाराला स्वतःलाच रस नव्हता, त्या पेटंटांचे परवाने कोणी मागितले नाहीत यात नवल ते काय? यावरून विद्यापीठांच्या वैद्यकीय संशोधनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

याच्या उलट उदाहरण त्याच काळातले आहे. जनुकाचे तुकडे जोडण्याच्या तंत्रावरचे कोहेन-बॉयर पेटंट २ डिसेंबर १९८० ला मंजूर झाले, म्हणजे बेह-डोलवर सही होण्याच्या दहा दिवस आधी. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने ते कोणा एकाला दिले नाही. जो फी भरेल त्याला परवाना. ४६८ कंपन्यांनी तो घेतला आणि १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत सुमारे २५.५ कोटी डॉलर मिळाले. आजचा जैवतंत्रज्ञान उद्योग त्या तंत्रावर उभा राहिला. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकट्या कंपनीचा, परवाना दिल्याशिवाय कंपनी पुढेच येत नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले की मी हे उदाहरण पुढे ठेवतो.

अर्थात सगळे शोध असे नसतात. कोहेन-बॉयर हे एक साधन होते, ते उचलून कोणीही लगेच वापरू शकत होते. शोध औषधाचा रेणू असेल तर प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या तीन टप्प्यांच्या चाचण्या, वर्षानुवर्षांचा खर्च आणि बहुतेक वेळा अपयश. तिथे कंपनीने काही काळ एकट्याचा हक्क मागणे समजण्यासारखे आहे. म्हणून 'एक्सक्लुझिव्ह परवाना कधीच नको' या मताचा मी नाही. प्रश्न तो हक्क कशाच्या बदल्यात, किती काळ आणि कोणत्या देशांपुरता द्यायचा एवढाच आहे.

बेह-डोल लिहिणाऱ्यांना ही काळजी नव्हती असे नाही. त्यांनी कायद्यात 'मार्च-इन' अधिकार ठेवला. परवाना घेणाऱ्याने शोध लोकांपर्यंत नेला नाही, किंवा आरोग्य व सुरक्षिततेच्या गरजा भागवल्या नाहीत, तर अनुदान देणारे सरकारी खाते मध्ये पडून दुसऱ्याला परवाना देऊ शकते. 'प्रत्यक्ष उपयोग' या संज्ञेच्या व्याख्येत शोधाचे फायदे लोकांना 'वाजवी अटींवर' मिळाले पाहिजेत असेही लिहिले आहे. कागदावर हे उत्तम दिसते. पण चार दशकांहून अधिक काळात एकाही खात्याने हा अधिकार एकदाही वापरलेला नाही.

अर्ज झाले नाहीत असे नाही. २००३ च्या डिसेंबरमध्ये ॲबट कंपनीने एचआयव्हीवरच्या रिटोनाविर या औषधाची किंमत एका झटक्यात पाचपट केली. ते तयार होताना सरकारी अनुदानाचा हातभार होता. राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, म्हणजे एनआयएचकडे, अर्ज गेला. २००४ मध्ये उत्तर आले: किंमत हा आमच्या अखत्यारीतला विषय नाही, तो अमेरिकी काँग्रेसने पाहावा. २००९ पासून फॅब्री या दुर्मीळ आजारावरच्या फॅब्राझाइमचा तुटवडा पडला, रुग्णांना कमी डोस मिळू लागले. २०१० मध्ये अर्ज तरीही फेटाळला गेला.

मग एन्झालुटामाइड. प्रोस्टेट कॅन्सरवरचे हे औषध लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सापडले, एनआयएच आणि अमेरिकी लष्कराच्या पैशातून. बाजारात ते एक्सटँडी या नावाने आले. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला दीड लाख डॉलरच्या पुढे गेली. इतर श्रीमंत देशांत तेच औषध त्याच्या एक तृतीयांश ते एक पंचमांश दरात मिळत होते. २०१६ मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा फेटाळला गेला. एनआयएचचे म्हणणे असे की औषध बाजारात उपलब्ध आहे, म्हणजे 'प्रत्यक्ष उपयोग' झालाच. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठीही ते उपलब्धच धरायचे, असा याचा अर्थ. या निकालावर मला राग येतो, कारण 'वाजवी अटींवर' हे शब्द कायद्यात आहेत आणि ते वाचूनही न वाचल्यासारखे केले गेले.

इथे दुसरी बाजू नीट सांगायला हवी. बेह आणि डोल यांनी स्वतः २००२ मध्ये वृत्तपत्रात लिहून सांगितले होते की मार्च-इनचा हेतू किमतीवर नियंत्रण ठेवण्याचा नव्हता. शिवाय एनआयएचने १९८९ पासून कंपन्यांबरोबरच्या सहकार्य करारांत वाजवी किमतीचे कलम घालून पाहिले होते आणि १९९५ मध्ये संचालक हॅरॉल्ड वार्मस यांनी ते काढून टाकले. कंपन्या पाठ फिरवतात हे कारण दिले गेले. त्यानंतर करारांची संख्या वाढली, हा मुद्दा आजही प्रत्येक चर्चेत पुढे येतो. पण त्या वाढीचा मोठा भाग तेव्हाच सुरू झालेल्या, फक्त संशोधनसाहित्य देण्याघेण्याच्या छोट्या करारांचा होता, असे टीकाकार म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात मला तथ्य वाटते. तरी त्या प्रयोगातून एक धडा मी घेतो: मोघम 'वाजवी' शब्द कामाचा नाही. कंपनीला त्याची भीती वाटते आणि रुग्णाला त्याचा उपयोग होत नाही. अट आकड्यात लिहिलेली हवी, आणि ती पैसा लावण्याआधी कंपनीला माहीत हवी.

एन्झालुटामाइडची गोष्ट भारतापर्यंत येते म्हणून थोडी पुढे नेतो. विद्यापीठाने भारतातही पेटंट मागितले होते. मंजुरीआधीच विरोध दाखल झाला आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारला. याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले कोण? अमेरिकेतल्या करदात्यांच्या पैशावर चालणारे सार्वजनिक विद्यापीठ. त्याच वर्षी रॉयल्टीवरचे हक्क १.१४ अब्ज डॉलरना विकले गेले होते. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनीच मग मागणी केली की भारतातला दावा सोडा. बेह-डोलवरच्या टीकेतला मला सगळ्यांत गंभीर वाटणारा मुद्दा इथे दिसतो: हक्क हाती आला की सार्वजनिक संस्थाही खासगी मालकासारखी वागू लागते, कारण तिचे टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिस, म्हणजे परवाने देणारा विभाग, किती पैसे आणते यावरच जोखले जाते. आणि गंमत अशी नाही, दुःख असे आहे की त्यांतल्या बहुतेक ऑफिसांचा स्वतःचा खर्चही रॉयल्टीतून निघत नाही. एखाद्या मोठ्या औषधाची लॉटरी लागेल या आशेवर सगळी यंत्रणा चालते.

बदल होतो तो बाहेरून दबाव आल्यावर. एचआयव्हीवरचे स्टॅव्ह्युडिन हे येल विद्यापीठाचे, परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विबकडे. २००१ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने दक्षिण आफ्रिकेत जेनेरिक वापरू द्या म्हणून येलकडे मागणी केली, विद्यार्थी उठले, ज्यांच्या प्रयोगशाळेत औषधाचा हा उपयोग सापडला ते शास्त्रज्ञही त्यांच्या बाजूने बोलले, आणि काही आठवड्यांत कंपनीने तिथे पेटंट बजावणार नाही असे जाहीर केले. शोधकाच्या शब्दाला वजन असते. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण शेवटी मी तुम्हाला तेच करायला सांगणार आहे.

आता आपल्याकडचे. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून (एनसीएल) सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआरच्या प्रमुखपदी गेलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या लढ्याचा अभिमान रास्तच होता. मात्र त्या दशकात प्रयोगशाळांनी आणखी एक गोष्ट मनाशी पक्की केली, की पेटंटांची संख्या म्हणजेच यश. २०१६ मध्ये सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक गिरीश साहनी यांनीच आपल्या शास्त्रज्ञांना लिहिले की संस्थेची बरीचशी पेटंटे केवळ बायोडेटासाठी घेतलेली आहेत.

मधल्या काळात बेह-डोलची भारतीय नक्कल आली. राष्ट्रीय ज्ञान आयोगाने शिफारस केली आणि डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत सार्वजनिक निधीतून निर्माण झालेल्या बौद्धिक संपदेचे संरक्षण व वापर यासंबंधीचे विधेयक मांडले गेले. मांडले जाईपर्यंत त्याचा मसुदा अधिकृतपणे लोकांसमोर ठेवला गेला नव्हता, हा पहिला आक्षेप. अमेरिकेत विद्यापीठाला मुभा होती. इथे सक्ती होती. शोध लागल्याचे कळल्यापासून ६० दिवसांत सरकारला कळवा, नंतरच्या ९० दिवसांत कोणत्या देशांत हक्क घेणार ते सांगा, चुकलात तर दंड. शोधकाला उत्पन्नाचा किमान ३० टक्के वाटा, ही त्यातली चांगली गोष्ट. पण ज्या विद्यापीठात पेटंटचे काम पाहायला एकही माणूस नाही, तिथे हे वेळापत्रक पाळणार कोण? आणि किंमत, पुरवठा, कराराची पारदर्शकता यांवर विधेयकाकडे सांगण्यासारखे जवळपास काही नव्हते. संसदीय स्थायी समितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला आणि २०१४ मध्ये विधेयक मागे घेतले गेले. बरे झाले.

म्हणजे आज तुमच्या प्रकरणाला लागू होणारा वेगळा कायदा नाही. अनुदानाच्या पत्रातल्या अटी, संस्थेचे बौद्धिक संपदा (आयपी) धोरण आणि विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाच्या २००० सालच्या सूचना एवढेच आहे. त्या सूचनांनुसार हक्क संस्था घेऊ शकते, शोधकांना प्रत्यक्ष उत्पन्नाच्या एक तृतीयांशापर्यंत वाटा मिळू शकतो, आणि सरकारला स्वतःच्या कामासाठी रॉयल्टी न देता वापराचा परवाना राहतो. हा शेवटचा मुद्दा परवान्यांच्या मसुद्यांतून अनेकदा गायब असतो. कंपनीला हे आवडत नाही म्हणून नव्हे, तर संस्थेच्या बाजूने मसुदा करणाऱ्यालाच ते ठाऊक नसते.

अटी असल्या आणि नसल्या तर काय होते, याची उदाहरणे आपल्या घराजवळच आहेत. आफ्रिकेत मेनिंजायटिस-ए च्या साथी वर्षानुवर्षे येत. लस हवी होती, पण तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आधीच सांगितले की डोस ५० सेंटच्या आत हवा. त्या दरात करायला मोठ्या कंपन्या तयार झाल्या नाहीत. लसीसाठी लागणारे जोडणीचे तंत्र अमेरिकेच्या एफडीए या सरकारी औषध नियामकाच्या प्रयोगशाळेतले, म्हणजे निव्वळ सरकारी पैशाचे. त्याचा परवाना पाथ या संस्थेमार्फत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आला, किमतीची मर्यादा धरूनच. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले आणि नंतरच्या वर्षांत ज्या देशांत लस पोचली तिथे मेनिंजायटिस-ए जवळपास दिसेनासा झाला. लस गेली ती हडपसरहून. आपल्या रोटाव्हॅकचेही तसेच: विषाणूचा प्रकार दिल्लीच्या एम्समध्ये सापडलेला, जैवतंत्रज्ञान विभागाचा निधी, आणि तिसऱ्या टप्प्याचे निकाल येण्याआधीच कंपनीने डोसला एक डॉलर ही किंमत जाहीर केलेली.

आता भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन पाहा. विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) वेगळा केला, सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, सुमारे ३५ कोटी रुपये घातले, निव्वळ विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी ठरली. पुढे आयसीएमआरला १७० कोटींहून अधिक रॉयल्टी मिळाली आणि तो व्यवहार म्हणून यशस्वी ठरवला गेला. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत लोक ऑक्सिजनसाठी धावत असताना, राज्यांसाठी दर जाहीर झाला ६०० रुपये आणि खासगी रुग्णालयांसाठी १,२०० रुपये. नंतर राज्यांचा दर ४०० वर आणला. तेव्हा भारतात बनणाऱ्या कोव्हॅक्सिन आणि कोविशील्ड या दोन लसींत जिच्यात आपल्या सरकारचा थेट वाटा होता तीच महाग होती. कराराच्या अटी लोकांसमोर नव्हत्या. दुसरी अडचण उत्पादनाची. परळच्या हाफकिन या राज्य सरकारच्या संस्थेला ही लस बनवायची परवानगी एप्रिल २०२१ मध्ये मिळाली, केंद्राने ६५ कोटी आणि राज्याने ९४ कोटींचा निधी ठरवला. पण लस बनवणे म्हणजे कागद हाती देणे नव्हे. जैवसुरक्षेची जागा उभारायची, तंत्र शिकायचे, चाचण्या करायच्या. लाट ओसरली तेव्हा हाफकिनची लस बाजारात नव्हती. दुसऱ्या उत्पादकाला तंत्र देण्याचे कलम २०२० मध्येच, पहिल्या करारात असते, तर ही तयारी वर्षभर आधी सुरू झाली असती. आणि २०२४ मध्ये तर कंपनीच्या पेटंट अर्जांत आयसीएमआरचे नाव सहमालक म्हणून नव्हतेच असे उघड झाले. ते नंतर जोडले गेले.

'सक्तीचा परवाना आहे ना आपल्या कायद्यात?' असे तुम्ही विचाराल. आहे. पेटंट कायद्याच्या कलम ८४ मध्ये 'वाजवी परवडणारी किंमत' असे स्पष्ट लिहिले आहे, त्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या कितीतरी पुढे आहे. २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला सोराफेनिब या कॅन्सरवरच्या औषधासाठी तो मिळाला आणि महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० वर आला. पण त्या कलमाखाली मंजूर झालेला तो एकमेव परवाना आहे. पेटंट मंजूर होऊन तीन वर्षे गेल्याशिवाय अर्ज करता येत नाही. इथेही तेच: नंतर मध्ये पडण्याचा अधिकार कितीही चांगला लिहिला तरी तो वापरायला सरकार कचरते. म्हणून मी पुन्हा पुन्हा पहिल्या कराराकडे बोट दाखवतो. त्या दिवशी कंपनीला तुमचा शोध हवा असतो, आणि तुमच्या हाती काहीतरी असते.

तुमच्या बाबतीत मी हे करेन. पहिली गोष्ट, पेटंट हवेच का ते तपासा. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, रँकिंगमध्ये पेटंटांना गुण आहेत, त्यामुळे संस्थांना नुसती संख्या हवी असते. तुमचे काम एखादी चाचणीपद्धत किंवा संशोधनाचे साधन असेल, तर सरळ प्रकाशित करा किंवा सगळ्यांना सारख्या अटींवर द्या. रेणू असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक पेटंट अर्ज, फाइल करा आणि मग शोधनिबंध पाठवा. उलटा क्रम केलात तर नावीन्य जाते.

परवान्याची वेळ आली की संस्थेला लेखी विनंती करा की टर्म शीट, म्हणजे कराराच्या मुख्य अटींचा मसुदा, सहीआधी शोधकांना दाखवावी. त्यात या गोष्टी शोधा. परवाना सगळ्या उपयोगांसाठी आहे की तुमच्या रेणूच्या एका उपयोगापुरता? कामाचे टप्पे तारखांसह लिहिले आहेत का, आणि कंपनीने ते गाठले नाहीत तर हक्क आपोआप संस्थेकडे परत येतो का? नुसते 'प्रयत्न करू' लिहिले असेल तर कंपनी रेणू कपाटात ठेवून देऊ शकते. प्रतिस्पर्धी औषध वाचवायला असे केले जाते. भारतातल्या सरकारी खरेदीसाठी किमतीची कमाल मर्यादा, किंवा निदान उत्पादनखर्चावर अमुक टक्के असे सूत्र आहे का? साथीच्या वेळी किंवा तुटवडा पडल्यास दुसऱ्या उत्पादकाला तंत्र द्यावे लागेल, आणि शिकवावेही लागेल, असे आहे का? गरीब देशांत पेटंट फाइल करणार नाही असे लिहिता येते. कंपनीचे त्यात फारसे काही जात नाही, म्हणून बहुधा मान्य होते. सरकारचा रॉयल्टीमुक्त वापर राखलेला हवा. तुमचा आणि इतर संस्थांचा संशोधनासाठी वापराचा हक्क राखलेला हवा. आणि किंमत, मुदत व प्रदेश ही तीन कलमे तरी गोपनीयतेतून वगळलेली हवीत.

कंपनी यांतल्या सगळ्याला हो म्हणणार नाही. किमतीच्या मर्यादेवर सर्वांत जास्त खळखळ होते, टप्प्यांच्या तारखांवर त्याखालोखाल. माझा अनुभव असा की मर्यादा फक्त सरकारी खरेदीपुरती ठेवली आणि खासगी बाजार मोकळा सोडला, तर बोलणी पुढे सरकतात. रॉयल्टीचा टक्का एखाद्याने कमी करायला संस्थेची तयारी असेल तर आणखी सोपे जाते. ती तयारी बहुतेक वेळा संस्थेच्या वित्त विभागाकडून अडते, कंपनीकडून नव्हे. त्यामुळे टर्म शीटच्या बैठकीआधी तुमच्या वित्त अधिकाऱ्यांशी बोलून घ्या, आणि अनुदान देणाऱ्या विभागाच्या अटींची प्रत त्यांच्यासमोर ठेवा.